सगळ्या घरांना सारखं

अप्पांनी खणाखणांची लाकडी केस मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाले, "हं, सांग. आजची सोडत."

थोरलीनं वर्तमानपत्र उघडलं, पानांचा मुद्दाम खळखळाट केला आणि घडीत लपवलेल्या चिठ्ठीवरून वाचलं, "चार. अकरा. एकोणीस. सव्वीस. पस्तीस. बेचाळीस."

लॉटरीची खरी सोडत वर्षअखेरीलाच बंद पडली होती. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची सूचना आली, ती थोरलीनं वाचली. अप्पांची नजर जाऊन सहा वर्षं झालेली. वाट बघावी असा त्यांचा एकच वार उरला होता. शनिवारी लेक पेपर घेऊन येते, सहा आकडे वाचते. तेही गेलं तर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहील, या धास्तीनं ती आठ आठवडे बसमध्ये बसून आकडे रचत होती. रचायचीही कशी, अगदी मन लावून! गेल्या वेळचा आकडा परत नको, दोन आकडे एकमेकांना चिकटलेले नकोत, केसमधल्या सगळ्या ओळींना न्याय मिळाला पाहिजे.

अप्पा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, केसमधून वेचून ओळ जुळवायची, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. शनिवारी दुपारी सोडतीचे आकडे फोनवर यायचे आणि चारच्या सुमाराला निकालाचे कागद मशीनवर चढायचे. शाळा अर्धा दिवस, म्हणून थोरली दप्तरासकट तिथेच. शाईचा आणि रॉकेलचा वास, जमिनीतून तळपायांत चढणारी धडधड, आणि स्टुलावर उभं राहून खिळ्यांवरचे आकडे वाचणारी ती. खिळ्यांवर सगळं उलटं असतं. त्यामुळे सरळ आकड्यांच्या आधी तिला उलटे आले. शाळेत बाई म्हणायच्या, "आरशासमोर बसून अभ्यास करतेस का गं?" छत्तीस तेवढा तिचा कधी चुकला नाही. तीन उलटला की सहा, सहा उलटला की तीन, म्हणून छत्तीस खिळ्यातही छत्तीस आणि कागदावरही जवळपास छत्तीसच. "एवढा सरळ स्वभावाचा आकडा," अप्पा म्हणायचे, "आणि लोक भांडणाला नेमकं त्याचंच नाव देतात."

छापखाना सोडताना मालकांनी काय हवं विचारलं, तर अप्पांनी एक जुनी केस मागून घेतली. सात ओळी, प्रत्येक ओळीत सात घरं, एक ते एकोणपन्नास. आकडा आला की त्याच्या घरात शिशाचा कोरा तुकडा टाकायचा. वर्षाला तीनशेबारा तुकडे. नवं वर्ष लागलं की केस रिकामी. "वाटणी केली तर प्रत्येकाला सहा-सव्वासहा यावेत," ते सांगायचे, "पण वाटणी करतंय कोण? कुणाकडे अकरा, कुणाकडे दोन. पुढच्या वर्षी तो अकरावालाच उपाशी." तिकीट मात्र जन्मात घेतलं नाही. आई चिडवायची, "लोक झुरतात लॉटरी लागावी म्हणून. आमचे हे झुरतात ती कशी लागते म्हणून!"

आज सहावा तुकडा टाकूनही अप्पांनी हात काढून घेतला नाही. बोटं एकेका घरात डोकावत फिरत राहिली.

"थोरले, रिकामी घरं किती, मोज."

"कशाला आता?"

"मोज तर."

तिनं मोजली. "दोन."

"आठ आठवड्यांत दोन? खऱ्या सोडतीत एव्हाना सोळा-सतरा घरं कोरी असतात. एकाकडे तीन-तीन पाहुणे आणि शेजारी शुकशुकाट. आणि शेजारशेजारचे आकडे एकाआड एक सोडतीत तरी जोडीनं येतात. तुझ्याकडे एकदाही नाही." त्यांनी केसच्या कडेवर टिचकी मारली. "हे यंत्राचं काम नाही बाई. हे पोरांना जेवायला वाढणारीचं काम आहे. कुणाच्या ताटात कमी पडायला नको!"

थोरलीनं पेपर मिटून ठेवला. एकदा सहाच्या जागी तीन छापला गेला, तेव्हा हाच माणूस अनवाणी धावत जाऊन निघालेल्या गाडीतून गठ्ठे परत घेऊन आला होता. आणि तिनं त्याला आठ आठवडे खोटे आकडे वाचून दाखवले होते.

"सोडत बंद झाली, अप्पा. वर्षअखेरीला."

स्वयंपाकघरात भावजयीनं नळ बंद केला.

"असं काहीतरी असणार, हे तिसऱ्या आठवड्यालाच वाटलं होतं," अप्पा म्हणाले. "अठरा तुकडे आणि अठरा घरं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू काय वाचायला आली असतीस?"

थोरलीनं नाक पुसलं. "म्हणजे मी तिकडे बसमध्ये डोकं शिणवतेय, आणि तुम्ही इकडे..."

"मी इकडे पेपर तपासतोय. काठावर पास!"

"वन्सं," भावजय आतून ओरडली, "पुढच्या वेळी पेपर निदान सरळ तरी धरा. मागच्या शनिवारी उलटा होता!"

अप्पा खोकला येईपर्यंत हसले. मग केस तिच्यापुढे सरकवली. "ओत सगळं. खोटं आहे ते."

जुन्या कॅलेंडरच्या पानांतून एकोणपन्नास चिठ्ठ्या निघाल्या. भावजयीनं पिठाचा मोठा डबा पुसून दिला. चिठ्ठी अप्पांनी काढायची, वाचायची थोरलीनं.

"सात," ती म्हणाली. "एकेचाळीस." तिसरी चिठ्ठी उघडून ती थबकली. "अप्पा, ही राहू दे. दुसरी काढा."

"काय आहे?"

"आठ. आत्ताच सात आला ना, बरं नाही दिसत."

"हात लावशील तर बघ!"

आठच्या घरात तुकडा टण्णकन पडला. पुढची चिठ्ठी काही येईना. अप्पांचा हात डब्यात नुसताच फिरत होता, चिठ्ठ्या वरखाली करत होता.

"काढा की हो. माझी साडेपाचची बस जाईल."

"सहाची असते," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला.