पाच अडक्या, एक पत्ता

लिफ्टदुरुस्तीच्या त्या ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. भित्री म्हणजे किती? प्रिंटर सुरू झाला की ही खुर्ची सोडून दाराशी. एकदा तिच्यासमोर झुरळ आलं, दोघंही दचकली आणि दोघांनी एकमेकांची माफी मागितली. खोटं वाटत असेल तर झुरळाला विचारा.

अशा बाईच्या गळ्यात मालकांनी काम घातलं. "एक्सेलमधले सगळे नंबर ऑफिसच्या नव्या मोबाइलात हवेत. एकेक टाइप करत बसू नका, त्याचं सॉफ्टवेअर मिळतं. बघा, निवडा, उरका. आणि जुनी फाइल उडवा. दोन याद्या म्हणजे दोन भानगडी."

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं, पण म्हणालं, तुमची फाइल आमच्याकडे पाठवा. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? भागूबाईने खिडकी बंद केली. आधी पडद्यावरची, मग भिंतीतलीसुद्धा. दुसऱ्यात नावं आली, पत्ते गळाले. तिसरं इंटरनेटशिवाय चालत होतं आणि नाव, नंबर, पत्ता सगळं धरून होतं. वर त्याने विचारलं, एकाच नावाची कार्डं एकत्र करू का? आवरलेलं घर कुणाला नको? तिने टिचकी मारली.

आता या ऑफिसची रीत अशी, की गिऱ्हाइकाचं नाव लिहायचंच नाही, लिफ्टचं दुखणं लिहायचं. थरथरते ती 'थरथरी', दार आपटते ती 'आदळी', दोन मजल्यांच्या मध्ये थांबते ती 'अडकी'. सर्वांत जुने कारागीर पक्कडकाका, त्यांनी पाडलेला हा पायंडा. आणि शहरात अडक्या होत्या पाच.

कार्डं मोबाइलात गेली, जुनी फाइल उडाली न उडाली, तोच मोबाइल वाजला. पडद्यावर 'अडकी', खाली कपड्यांच्या कारखान्याचा पत्ता. लिफ्टमधलं संकटाचं बटण दाबलं की फोन इथे लागे. इथून तिकडे मात्र लावता येत नसे.

"हॅलो?"

नुसती खरखर. मग बाईचा तुटका आवाज. "...कोंडलेय... पंप घरात राहिला..." फोन बंद.

पक्कडकाका पिशवी उचलून निघालेसुद्धा. "कारखाना ना? हा पोचलोच!"

पंप म्हणजे दम्याचा. भागूबाईच्या आईलाही दमा होता; ती सहाव्या मजल्यावर एकटी राहायची, आणि तिथली लिफ्टही अडकीच. तिने आईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. ते कार्ड उघडलं, तर एका नावाखाली पाच नंबर आणि पत्ता एकच.

"मालक, पाची अडक्या एकात गेल्यात! पत्ता कुणाचा, माणूस कोण, काही कळत नाही!"

"जुन्या फाइलीत बघा की!"

"तुम्हीच उडवायला सांगितलीत."

"जन्मात एकदा ऐकलंत, तेही आजच?" मालकांचा आवाज चिरकला.

काकांना आईकडे वळवावं? आणि कारखान्यातच कुणी बाई गुदमरत असली तर? कारागीर एकच. मग भागूबाईला एकदम आठवलं. फाइल उडवायचीसुद्धा तिला भीती वाटली होती! उडवण्याआधी तिने ती पेनड्राइव्हवर घेऊन जेवणाच्या डब्यात दडवली होती.

हात इतके कापत होते, की पेनड्राइव्ह कुठल्याच बाजूने आत जाईना. मालकांनी तिचं मनगट धरून तो बसवला. आलेला नंबर शोधला. पुढे पत्ता: आईची इमारत.

"काका, मागे फिरा! आमच्या आईकडे!" ती फोनवर ओरडली.

ती स्वतः रिक्षातून धावली, सहा मजले चढली, पर्समधल्या किल्लीने घर उघडलं, पंप घेतला आणि दोन मजले उतरली. काका पहारीने दार फाकवत होते. आत आई खाली बसलेली, ओठ काळवंडलेले. भागूबाईने फटीतून हात घालून पंप तिच्या तोंडाशी धरला. एक दाब. पुन्हा एक. आईची छाती हलली.

"फोनवर तू होतीस होय गं?" आई धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, मेल्यांनी कुठली घाबरट पोर बसवलीय."

"मीच ती," भागूबाई म्हणाली. पंप अजून तिच्याच हातात थरथरत होता.