भंडारा लावलेला हात

दुपारचे बारा वाजून गेले होते तेव्हा चाकणजवळच्या कुरुळीत गोजाबाईच्या दारात एक पिवळट कुत्रं येऊन उभं राहिलं. भुंकलं नाही, शेपूट हलवली नाही, नुसतं उभं राहिलं. १९५७ सालची चंपाषष्ठी होती.

घरात सकाळपासून कुत्र्याचीच वाट पाहणं चाललं होतं. तळी भरून झाली होती. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात पानावर मांडून ठेवली होती. चार महिने या घरात कांदा-वांगं शिजलं नव्हतं. पण खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, ही गोजाबाईच्या सासूपासूनची रीत. आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दारात कुत्र्यांसाठी पान वाढलेलं. गावची कुत्री खाऊन तट्ट फुगली होती. हाक मारली तर मान उचलून बघत आणि परत लवंडत.

"आज देवापेक्षा कुत्र्यांचा भाव जास्ती," गोजाबाईचा मुलगा सोपान म्हणाला होता. "आई, एखादं कान धरून आणू का? बसवतो पानावर."

"बसीव. आन देवाला काय सांगू? जुलमानं जेवला म्हणून?"

सोपान वैतागून मळ्याकडे निघून गेला, आणि त्याच्यामागून थोड्याच वेळात हे कुत्रं आलं. ते गावातलं नव्हतं. त्या दिवशी दारात आलेलं अनोळखी कुत्रं देवाच्या घरचं, असं त्या भागात सगळेच मानत. गोजाबाईनं हात जोडले. "निमगावच्या खंडोबाकडून आलं असंल," ती म्हणाली आणि देवापुढचा दिवा बघायला आत गेली.

ओट्यावर दोन मुली होत्या. एक तिची नात, सोपानची मुलगी हौसा, आठ वर्षांची, आईवेगळी. दुसरी शेवंता, तिच्याहून थोडी मोठी. गावाबाहेर नाशिक रस्त्याच्या कडेला माळावर खडी फोडणाऱ्यांची टोळी उतरली होती, त्यातल्या एका बीडकडच्या जोडप्याची ही मुलगी. महिनाभरात दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं. आज भरीत खायला ये म्हणून हौसानंच तिला बोलावलं होतं.

हौसानं पान पुढे सरकवलं. कुत्र्यानं रोडग्याला तोंड लावलं, तो दातांत धरला आणि तसाच सोडून दिला. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळेची तार मातीपर्यंत आली होती.

"ह्याच्या घशात हाड अडकलंय," शेवंता म्हणाली. "आमच्या मोत्याचं बी असंच झालं होतं. माझ्या बापानं हात घालून काढलं."

"लागलं का मग त्याला?"

"त्याला न्हाई. बापाला."

"मग तू नको घालू."

"कामून? बघ की कसं बघतंय. भूक लागलीय अन् गिळता येईना."

भुकेचं शेवंताला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. हौसानं दोन्ही हातांनी कुत्र्याचं डोकं धरलं आणि ती त्याला "झालं, झालं, आता निघंल बघ" असं सांगत राहिली. शेवंतानं पोलक्याची बाही वर सारली आणि हात आत घातला. कुत्रं गुरगुरलंसुद्धा नाही. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, हाड काही सापडलं नाही. हात बाहेर काढताना अंगठ्याच्या मुळाशी दात लागला आणि रक्त आलं. कुत्रं वळलं आणि गल्लीतून निघून गेलं. मागचे पाय एकमेकांत अडखळत होते.

गोजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या. मातीत पडलेला, दातांच्या खुणा उमटलेला रोडगा, आणि शेवंताचा रक्ताळलेला हात. पहिली बघून तिचा जीव भांड्यात पडला. देवानं तोंड लावलं होतं. तिनं पोरीचा हात धरला, जखमेत भंडारा दाबून भरला आणि जुन्या लुगड्याची चिंधी वर गुंडाळली.

"घाबरू नगं. देवाचा दात हाय त्यो. नशीबवान हायेस. आता त्याला पाणी लावायचं न्हाई. पाच दिस तसाच ऱ्हाऊ दे."

"अन् भांडी घासताना?"

"डाव्या हातानं घास."

"आजी, माझ्या हाताला नुसती लाळच लागली," हौसा म्हणाली. तिला थोडं वाईटच वाटलं होतं.

"मग तू धू आन जेवायला बस."

हौसानं राखेनं हात घासून स्वच्छ धुतले. शेवंताला दोन रोडगे मिळाले. एक तिनं तिथंच बसून खाल्ला. दुसरा परकराच्या ओच्यात बांधला.

"ह्यो त्या कुत्र्याचा. वाटंत दिसलं तर बारीक करून घालते," ती म्हणाली आणि पिवळा हात पुढे धरून, कुठे आपटू नये असा सांभाळत, माळाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोपान शेजारच्या निघोज्याहून परतला. दारात पाय धुता धुता म्हणाला, "तिकडं एक पिवळं कुत्रं पिसाळलं. वासराला चावलं. पोरांनी काठ्यांनी मारलं. जबडा असा लोंबत व्हता त्याचा."

गोजाबाईच्या हातावर भाकरी होती. ती थापत राहिली. पिवळी कुत्री पुष्कळ असतात. आणि देवाचं कुत्रं पिसाळेल कसं? असं मनातसुद्धा आणणं पाप. सकाळी उठून ती देवळात गेली आणि गुरवाकडून कौल लावून घेतला. कौल उजवा, म्हणजे शुभ पडला. तिनं नारळ फोडला, घरी आली आणि कोणालाही काही बोलली नाही.

त्या रात्री जेवताना हौसानं विचारलं, "आबा, त्या कुत्र्याच्या घशातलं हाड शेवटी निघालं का?"

"कुठलं कुत्रं?"

"पिवळं. आपल्याकडं आलं व्हतं ते. मी डोकं धरलं व्हतं, शेवंतानं हात घातला. पर हाड घावलंच न्हाई."

सोपाननं उचललेला घास ताटात ठेवला. त्यानं आईकडे पाहिलं. आई चुलीकडे बघत होती.

"चावलं का कुणाला?"

"चावलं न्हाई. देवाचा दात लागला. म्या भंडारा लावलाय," गोजाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कौल उजवा हाय."

सोपाननं आवाज चढवला नाही. "कुणाला लागला, आई?" एवढंच त्यानं विचारलं.

आधी हौसाला दाखवू, मग शेवंताच्या आईबापाला गाठू, असं ठरवून सकाळी तिघं चाकणला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी हौसाचे हात उलटसुलट करून पाहिले. कुठे ओरखडा नव्हता. "पण लाळ लागली आहे. पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा. पोटात चौदा सुया घेतात, रोज एक. टाळू नका." मग ते म्हणाले, "हाड नव्हतंच. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही. बघणाऱ्याला हाडच वाटतं. त्या दुसऱ्या मुलीची जखम लगेच धुतली होती का? साबण, भरपूर पाणी?"

"न्हाई," गोजाबाई म्हणाली. "म्याच नगं म्हणलं."



"तिला आधी आणा. सुया वेळेत सुरू झाल्या तर पोर वाचेल. काही आठवडे मिळतात, कधी त्याहून कमी. आधी चावल्या जागी मुंग्या येतात, आणि एकदा पाणी पिववेनासं झालं की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही."

माळावर खडीचे ढीग नीट चौकोनी रचून ठेवले होते. तीन-तीन दगडांच्या चुली गार पडल्या होत्या. काम संपलं म्हणून टोळी आदल्या दिवशी दुपारी कासारवाडीला गाडी धरायला गेली, असं रस्त्यावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. म्हणजे सोपान निघोज्याहून परतला त्या संध्याकाळी टोळी माळावरच होती. गोजाबाई कौल लावत होती तेव्हाही होती.   गोजाबाई एका चुलीपाशी बसली आणि राखेत हात घालून बघू लागली, जणू अजून ऊब असेल.

कासारवाडी स्टेशनाबाहेर एक चहावाला होता. त्याला टोळी आठवत होती. "लोणावळ्याच्या गाडीत चढली सगळी. एक पोरगी होती, हाताला पिवळी चिंधी. पाणी मागितलं म्हणून मी ओतायला गेलो, तर एकच हात पुढं केला. म्हटलं, दुसरा लाव की बाई, सांडतंय सगळं. लावला नाही. निम्मं पाणी खाली गेलं. तेसुद्धा तिथल्या कुत्रीपुढं पडलं म्हणून खूश झाली."

"पिली का पाणी?" सोपाननं विचारलं.

"पिली की. का हो?"

गोजाबाई हौसाला घेऊन पुण्याला गेली आणि सोपान लोणावळ्याला. तिथं त्याला टोळीचा मुकादम रंगराव भेटला. धर्मशाळेच्या पायरीवर पान लावत बसला होता.

"शेवंता? कुणाची?"

"बापाचं नाव न्हाई ठावं. बीडकडचं जोडपं हाय."

"निम्मी टोळी बीडकडची हाय, राव. मी जोड्या मोजतो. नवरा-बायको मिळून एक. पोरं मोजायला लागलो तर खडी कोण मोजणार?"

"हाताला चिंधी बांधलेली. कुत्र्यांच्या नादी असायची."

रंगरावानं मान वर केली. "ती होय? लई शिव्या खाल्ल्यात तिनं माझ्या. आईची भाकर न्यायची आन कुत्र्यांपुढं मोडायची. काय केलं तिनं? चोरी?"

सोपाननं सांगितलं. रंगराव पान तोंडात घालायचं विसरला.

"काल मी टोळी दुसऱ्या मुकादमाच्या हवाली केली," तो हळू म्हणाला. "त्यानं घाटाखाली दोन वाटे केले. निम्मी कर्जतकडं, निम्मी खोपोलीला. ती कुठल्या वाट्यात गेली, देवाशपथ सांगता यायचं न्हाई. तोंडं बघून वाटे केले न्हाईत कुणी."

सोपान कर्जतला गेला. खोपोलीच्या खडीवर निरोप पोचवायला रंगरावानं मुंबई रस्त्यावरचा एक ट्रकवाला गाठून दिला. परत येताना उत्तर कासारवाडीच्या चहावाल्याकडे सांगायचं, असं ठरलं.

गोजाबाई रोज हौसाला घेऊन यष्टीनं पुण्याला जाऊ लागली. सुई टोचताना हौसा आजीचं मनगट धरायची आणि ओठ मिटून घ्यायची. रडायची नाही. बाहेर आल्यावर मात्र एकच विचारायची, "शेवंताच्या सुया चालू झाल्या का?" पहिल्या दिवशी गोजाबाई "व्हतील" म्हणाली. पुढं पुढं ती नुसतं तिचं पोलकं नीट करून यष्टीकडे निघायची. एकदा हौसानं यष्टीत विचारलं, "देवानं शेवंतालाच का दात लावला? कुत्र्याला जेवू घालायला तर दोघी गेलो व्हतो." पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. गोजाबाईनं पोरीला पोटाशी ओढलं. सुया टोचलेल्या जागी धक्का लागला आणि हौसा कळवळली.

परतताना त्या कासारवाडीला उतरत. गोजाबाई चहावाल्याच्या बाकावर बसे. चहा घेत नसे. घरच्या देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी तिनं पालथी घातली होती, आणि मग भीती वाटून परत सुलटी केली होती.

सोपान कर्जतहून रिकाम्या हातानं आला. तिथल्या प्रत्येक झोपडीत तो वाकून बघून आला होता. शेवंता तिथं नव्हती. खोपोलीचं उत्तर आलं असेल म्हणून तो आधी कासारवाडीला उतरला.

त्याच दिवशी उन्हं उतरताना ट्रकवाला कासारवाडीला थांबला. सोपान, गोजाबाई आणि हौसा, तिघंही तिथं होती. निरोप मुकादमाला पोचवला, तो म्हणाला.

"काय म्हणला?"

"बघतो म्हणाला. त्या दिवशी माल भरायचा होता त्याचा."

"आन पोरगी?"

"आहे तिथं. मी पाहिली. कुत्रीच्या पिलांजवळ बसली होती. मी विचारलं, हाताला काय झालं? तर म्हणाली, देवाचा दात लागलाय. मी म्हटलं, किती मळलीय चिंधी, सोड आणि धू. तर म्हणाली, पाच दिस झाले का नाही ते कुणी सांगत नाही, झाले की सोडते."

हौसा बोटं मोजू लागली. पाच केव्हाच होऊन गेले होते. "आबा, तिला मोजता येत न्हाई," ती म्हणाली.

"दुखतंय का म्हणाली हात?" सोपाननं विचारलं.

"दुखत नाही. मुंग्या येतात म्हणाली."

सोपान उठून गाडी किती वाजता आहे ते विचारायला गेला.  गोजाबाई ट्रकवाल्याच्या जवळ गेली.

"बाबा, ती पानी पीत व्हती का?"



"भाकरी होती तिच्या हातात. ती पिलांना घालत होती. पाण्याचं काही मी पाहिलं नाही, मावशी."

संध्याकाळच्या गाडीनं सोपान घाटाकडे गेला. दुसऱ्या दिवशी हौसाची सुई होती. परतताना दोघी कासारवाडीला उतरल्या. तोवर खोपोलीहून काहीही कळलेलं नव्हतं.