व्हर्ननचा सत्कार

माझ्या नातीचं, राधिकाचं बारसं झालं ते साल २००५. पाळणा विकत आणायचा होता, पण शेजारच्या व्हर्ननने तो स्वतः लाकडाचा करून दिला. एकटा राहणारा गोरा माणूस. तरुणपणी मरीन सैनिक म्हणून व्हिएतनामला लढून आलेला. अमेरिकेतल्या या कॅरी गावात माझ्याशी रोज कुंपणावरून बोलणारा तो एवढाच. मी मराठीत, तो इंग्रजीत.

जूनमध्ये तो टोमॅटोची रोपं द्यायला आला. सून हिमानी घरीच होती.

"विचार गं त्याला, लढाईत काय काय केलंस म्हणून."

"आई, असं विचारत नाहीत."

तरी मी विचारायला लावलंच. त्याने रोपं पायरीवर ठेवली. मग बोलू लागला आणि हिमानी डोळे पुसत सांगत गेली. वय एकोणीस. झोपडीखालच्या खड्ड्यात काही हललं, म्हणून त्याने हातबॉम्ब टाकला. आत एक म्हातारी आणि चार पोरं होती. बायको वारली, पण तिलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

"आई, प्लीज, हे कुणाकडे बोलू नका हं."

मी बोलले. गणपतीच्या तयारीत इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मनोहर म्हणाला, "काकू, यंदा सत्कार कुणाचा? दरवर्षी तेच ते डॉक्टर, बोअर झालं यार!"

"आमच्या शेजाऱ्याचा करा. एकट्याने पाच मारलेत त्याने."

कोण पाच, ते मी गिळलं. वाटलं, शाल-श्रीफळ मिळालं की बिचाऱ्याचं मन हलकं होईल. चारचौघांत आपलीही मान वर होईल, हेही वाटलं.

"छुपे रुस्तम निघाले काकू तुमचे शेजारी!" म्हणत सत्काराच्या दिवशी मनोहरने स्टेजवर व्हर्ननच्या अंगावर शाल घातली. मग माइकवर इंग्रजीत बोलला. पाचचा इंग्रजी शब्द मला कळत होता. सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. व्हर्ननने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि लोकांमधून वाट काढत निघून गेला.

"लाजला वाटतं," मागून कुणी तरी हसलं.

"जाऊन सॉरी म्हणा," हिमानी रोज म्हणायची. कोणत्या तोंडाने जाणार? दोन महिने मी कुंपणाकडे फिरकले नाही. शेवटी नोव्हेंबरात तिला घेऊन गेले. त्याने दार उघडलं. मी हात जोडले.

त्याने एकच विचारलं. पाच सांगितलेत, मग ते कोण होते हे का नाही सांगितलंत?

"लाज वाटली," मी म्हटलं.

कुणाची?

"तुझी."

हिमानी माझ्याकडे बघतच राहिली.

"सांग त्याला. खरं तेच सांग."

तिने सांगितलं. त्याने मान हलवली आणि दार हळूच लावून घेतलं. पुढे तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही पुन्हा गेले नाही.

११ फेब्रुवारी २००६ रोजी व्हर्नन हृदयविकाराने वारला.