उजवीकडून रंगवलेलं जहाज

मित्रांनो, माझ्या अंगावर ओळी नाहीत, चौकटी आहेत. पानापानावर बारीक, निळसर, हजारो चौकटी. चादरीची नक्षी काढायची जुनी ग्राफवही ती मी. आज कुंभारीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी संगणकाशेजारी पडलेली असते. पंखा लागला की माझी पानं फडफडतात. मला स्वस्थता अशी नाहीच. का, ते सांगते.

सोलापुरातल्या एका चादर कारखान्यात विजयमालाबाईंनी मला पहिल्यांदा उघडलं. त्या मूळच्या जेऊरकडच्या. हाताला वळण चांगलं, म्हणून नक्षीच्या खोलीत बसल्या. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी मोर काढला. नक्षीचे मास्तर म्हणाले, "बाई, ह्याला चौकटीत नीट बांधा, न्हायतर उडून जाईल की!" त्या दिवशी मी मनातून दुप्पट जाड झाले होते.

पण एकदा फजिती झाली. कारखान्याच्या मागावर विणताना चादरीची सुलटी बाजू खाली असे. एका लॉजचं नाव चादरीत विणायचं होतं. बाईंनी ते सरळ काढलं आणि सगळ्या चादरींवर नाव आरशात दिसावं तसं उलटं उमटलं. तेव्हापासून बाई प्रत्येक चित्र उजव्या कडेपासून उलटं काढू लागल्या. डावं ते उजवं, उजवं ते डावं. ती सवय हातात मुरली.

पुढे नक्षी संगणकावर होऊ लागली, खोलीला कुलूप लागलं. बाईंनी मला घरी आणलं आणि ट्रंकेत ठेवलं. कितीतरी वर्षं मी डांबरगोळ्यांच्या वासात पडून होते. मोर काळोखात काय करतो हो? नुसता वाट बघतो.

मला बाहेर काढलं अंकितानं. ती बाईंची भाची. नोकरीसाठी आत्याकडे राहते आणि सुट्टीला संगणकावर अंतराळाचा खेळ खेळते. हजारो माणसं आपापल्या घरून तो एकाच वेळी खेळतात. त्यांची मंडळं असतात, तह असतात, निवडणुका असतात. रुसवेफुगवे तर विचारूच नका. अंकिता भीमा मंडळातली. मंडळाचे प्रमुख सांगोल्याचे सयाजीदादा, डाळिंबवाले. जहाजं आखायचं काम अंकिताचं. त्यासाठी संगणकावर एक साधन होतं. ठोकळ्याला ठोकळा जोडायचा. वजन किती झालं, वीज पुरते का, ते साधन लगेच सांगे. मोठ्या जहाजाचा आराखडा त्यात कुलूपबंद होता. तो फक्त अंकिता आणि दादा उघडू शकत.

पडद्यावर सगळं जहाज एकदम दिसेना, तेव्हा अंकिता वैतागली. आत्या म्हणाल्या, "ट्रंकेतली माझी वही आण हिकडं. चौकटीच हाईत न्हवं? मोर काढल्यात मी, हे तर जहाज!"

दोन दुपारी त्या पडद्याकडे बघून माझ्यावर रंग भरत होत्या. लाल तोफा, निळी इंजिनं, करडं चिलखत. वजन फार होत होतं, म्हणून अंकितानं जहाजाच्या उजव्या अंगाला चिलखतात एक फट सोडली होती. बाईंचा हात मात्र सवयीनं उजवीकडून चालला. फट माझ्यावर डावीकडे गेली. बाकी जहाज दोन्ही अंगांनी सारखंच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मला कळलं. पण वहीला ओरडता येतं का? मी नुसती फडफडले. अंकितानं माझ्यावर पेपरवेट ठेवला.

कौतुकानं तिनं माझा फोटो काढला आणि नंदीशला धाडला. अक्कलकोटचा नंदीश म्हणजे मंडळातला तिचा जिवाभावाचा सवंगडी. संगणकातून त्याचा आवाज आला, "अंकिते, तुझी आत्या लई भारी!" तो तेव्हा प्रमुखपदासाठी दादांविरुद्ध उभा होता. "मत दादांनाच देणार मी," असं ती त्याला हसत म्हणाली होती. तोही हसला होता.

शनिवारी दुपारी लढाई झाली. शत्रूच्या साऱ्या तोफा जहाजाच्या एकाच ठिकाणी धडकत राहिल्या. तिथं चिलखत जाड, म्हणून जहाज वाचलं. पण असा नेम आंधळेपणानं लागत नाही. आराखडा फुटला होता. नंदीशच पहिला बोलला, "आराखडा दादांकडं आणि अंकिताकडं. दादा तर फोडणार न्हाईत." रविवारी पाचला तिला काढायचं की ठेवायचं, यावर मत घ्यायचं ठरलं.

रविवारी चारला अंकिता रडत माझं पान फाडू लागली. अर्धं फाटलंसुद्धा. आत्यांनी तिचा हात धरला.

"थांब की गं! कुटं मारलं त्यांनी?"

"डावीकडं."

"आन् फट कुटं हाय?"

"उजवीकडं."

"ह्या कागदावर तर डावीकडं हाय. अगं बाई, मी उलटं काढलं की!"

अंकितानं मला पडद्याशेजारी धरलं. ती बघतच राहिली.

"म्हंजी त्यांनी माझा कागद बघितलाय," आत्या हळूच म्हणाल्या. "फोटो कुणाला धाडलावतास?"

अंकितानं फोन उघडून नंदीशचं नाव बघितलं. ती खाली बसली.

पाचला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, फोटो काढला ही माझी चूक. पण तो एकालाच पाठवलाय. नंदीश, तू सांगतोस का मी सांगू?"

मग नंदीश म्हणाला, "मीच दिला तो त्यांना. जहाज पडलं की दादा निवडणुकीत पडतील, एवढंच वाटलं. तुला काढायचं न्हवतं गं मला." आणि पडद्यावर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. तो खेळातून निघून गेला होता.

सयाजीदादा म्हणाले, "आत्याबाईंना सांग, जहाज त्यांच्या चुकीनंच वाचलं!" सगळे हसले. अंकिता हसली नाही.

आत्यांनी माझ्या फाटक्या पानाला चिकटपट्टी लावली आणि खोडरबर घेतला. "सरळ करून देते."

"राहू दे आत्या," अंकिता म्हणाली. "हे असंच पाहिजे मला."

मित्रांनो, जुनी पानं जपा, आणि त्यांच्यावरच्या चुकाही जपा. रागाच्या भरात पान फाडू नका. आधी ते नीट बघा. माझं चित्र अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये हिंडत असेल, ते मला परत बोलावता येत नाही. अंकिता अजून त्या विझलेल्या ठिपक्याकडे बघते. आणि पंखा लागला की चिकटपट्टीखालचं ते पान अजून थरथरतं.