विसण

झाकण थडथडलं. पहाटेची झोपलेली सगळी गल्ली त्या एवढ्याशा आवाजानं जागी होईल असं वाटून धाकटीनं घाईनं चुलीतलं लाकूड जरासं मागं ओढलं. मग मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले. एवढा वेळ पाणी खदखदलं पाहिजे, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं.

आत गोधडीत तिची चार वर्षांची ठकी कण्हली. तीन दिवस पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. गाल आत गेले होते, डोळेच काय ते मोठे उरले होते.

खरं म्हणजे आता गल्लीत जुलाबाचं नाव निघायला नको होतं. सात पोरं एकदम आडवी झाली, तेव्हा अकरा घरच्या बायका विहिरीच्या काठावर बसल्या आणि त्यांनीच ठरवलं, की पाणी उकळूनच प्यायचं. ज्या घरी पोट बिघडेल त्या घराच्या चौकटीवर गेरूचा ठिपका द्यायचा, म्हणजे लपवाछपवी नको. ठिपक्यांचं काम धाकटीकडं आलं. पण तीन आठवडे झाले तरी ठिपके वाढतच होते, आणि तीन दिवसांपूर्वीचा ठिपका तिनं स्वतःच्याच चौकटीवर दिला होता.

काल सकाळीच गल्लीतली शिंपीण दारात आली होती, बोलायला टपलेलीच. "काय गं धाकटे, धूर खाऊन डोळे गेले आमचे, सरपण संपलं, आणि पोरं आहेत तिथंच! उद्या बसू विहिरीवर आणि मोडून टाकू हा खेळ."

"मोडू नका हो शिंपीणकाकू. कुठंतरी चुकतंय."

"चुकतंय तर शोध. उद्यापर्यंत."

मग काल दिवसभर धाकटी घरोघर फिरली होती. झाकणं बघितली, हंडे हुंगले, पोरांची नखंसुद्धा तपासली. हाती काही लागलं नाही.

"आई, पाणी," ठकी म्हणाली.

"थांब गं माझी बाय, मी देते तुला," म्हणत सासू उठली. उकळून घ्यायचं म्हातारीनं इतकं मनावर घेतलं होतं, की दारी आलेल्या पाहुण्यालाही ती आधी विचारायची, "तुमच्याकडं उकळतात का?" तिनं वाफाळतं पाणी पेल्यात ओतलं, आणि कोपऱ्यातल्या घागरीतून वाटीभर गार पाणी घेऊन बिनधास्त त्यात मिसळलं.

धाकटीच्या हातातलं लाकूडच गळालं. "आत्याबाई! हे काय घातलंत?"

"विसण. चटका बसेल की पोरीला. आंघोळीच्या पाण्यात घालत नाही का आपण?"

"घागरीतलं? विहिरीचं?"

"मग काय ढगातलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! धाकटीला रडू आलं आणि हसूही. आता म्हातारीला सांगायचं कसं? तुम्ही चुकलात म्हटलं की ती आठ दिवस तोंड फिरवून बसणार. तिनं पेला हळूच बाजूला सरकवला.

"आत्याबाई, शेरभर तापवलेल्या दुधात चमचाभर विरजण टाकलं तर सकाळी काय होतं?"

"दही. एवढं येत नाही होय मला?"

"चमच्यानं अख्खं दूध बदलतं. मग उकळलेल्या पाण्यात वाटीभर विहीर टाकली तर?"

 म्हातारी कपाळावर हात मारून ओरडली, "जुलाब! अगं बया, मीच पाजलं की गं पोरीला!"

"तुम्ही नाही हो. मीच घरोघर उकळा उकळा करत फिरले, निववायचं कसं ते सांगितलं कुठं?"

उजाडल्यावर बायका विहिरीवर जमल्या, तेव्हा शिंपीण तोंड उघडायच्या आत म्हातारीच उभी राहिली. "उकळलेल्या पाण्यात विसण कोण कोण घालतं? हात वर करा."

एकही हात हलेना. मग म्हातारीनं स्वतःचाच हात वर केला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "मी घालत होते. माझी नात त्यानंच आजारी पडली. आता लाजा तुम्ही."

एक हात वर आला, मग दुसरा. शेवटी शिंपिणीनं नाक मुरडत अर्धा वर केला.

"अर्धा का गं?"

"मी थोडंच घालते!"

बायका हसून लोटपोट झाल्या. संध्याकाळी उकळायचं, झाकून रात्रभर आपसूक निवू द्यायचं, तिथल्या तिथं ठरलं.

पुढच्या तीन आठवड्यांत एकाही चौकटीवर नवा ठिपका पडला नाही. नर्सबाई अकरा घरं फिरून औषधाच्या पुड्यांची भरलेली पिशवी तशीच परत घेऊन निघाल्या, तेव्हा शिंपीण मागून म्हणाली, "गेरू वाळून दगड झाला हो बाई! माझ्यामुळंच चूक सापडली. मी मुदत दिली म्हणून!"

ठकीचे गाल पुन्हा भरले होते. विहिरीवर धाकटी दोर ओढत होती, तर पोरगी काठाला धरून आत वाकून बघायला लागली.

"मागं हो गं!"

"आई, आजी म्हणते विहिरीचं पोट बिघडलंय."

"हो गं."

"मग तिला कोण पाणी उकळून देणार?"

पोहरा वर आला होता. धाकटीनं तो काठावर टेकवला आणि ती स्वतःच वाकून आत बघायला लागली.