दौलतरावांच्या गाडीची गळती

दौलतराव शिंगाडे महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाचे प्रमुख होते. तिथे इंजिनाची रबरी सीलं बनत. दोन लोखंडी भाग जुळतात तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून मधे बसवायची ती कडी. कारखान्याच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गळती हा शब्द आम्हाला माहीत नाही’. आणि आकुर्डीला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यांच्याच गाडीखाली, रोज सकाळी इंजिन ऑइलचा काळा डाग पडत होता.

गाडी जुनी होती, डिझेलवरची, टर्बोवाली. कागदोपत्री ती त्यांची बायको विजयश्री हिच्या नावावर होती, कारण ती घेतली तेव्हा दौलतरावांची नोकरी जरा डळमळीत होती आणि कॉलेजात शिकवणाऱ्या विजयश्रीची पक्की. तक्रारीची सुरुवात सोसायटीच्या चेअरमन सुमनताईंनी केली. पार्किंगला त्यांनी नुकत्याच नव्या फरश्या घालून घेतल्या होत्या. त्यांनी डागाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि ‘कुणाचंही नाव घेत नाही’ असं लिहिलं. फोटोत नंबर प्लेट स्वच्छ दिसत होती.

दौलतरावांनी हे प्रकरण कारखान्याच्या पद्धतीने हाती घेतलं. शनिवारी त्यांनी तीन सहकाऱ्यांना चहाला बोलावलं आणि बॉनेट उघडून बैठक घेतली. मशीन शॉपच्या साहेबांचं मत पडलं की दोष रबराचा असणार. रबर बघणाऱ्या साहेबांना लोखंडाचा पृष्ठभागच खडबडीत वाटला. खरेदीवाले म्हणाले की हल्ली ऑइलच पातळ येतं. तिघांनाही इंजिनात फक्त दुसऱ्याचं खातं दिसत होतं. शेवटी, कारण नक्कीच आहे आणि ते शोधायला हवं, यावर एकमत झालं. पोहे संपले आणि मंडळी गेली. इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता.

मग गाडी कासारवाडीला बुद्धभूषणच्या गॅरेजमध्ये गेली. स्टेशनच्या पलीकडे त्याचं मोठं नाव होतं, आणि ते त्यानेच केलेलं होतं. त्याने गाडीखाली एकदा डोकावून सांगितलं, “साहेब, गिअरबॉक्सकडचं मागचं सील गेलंय. डोळे झाकून सांगतो.” त्याने गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग जागेवर हजर. मग त्याने तितक्याच खात्रीने वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, आणि त्यानंतर खालच्या ऑइल पॅनचं. डाग काही हटला नाही, उलट जरा डावीकडे सरकला. ती प्रगती आहे, असं बुद्धभूषणचं म्हणणं पडलं.

या सगळ्या खटपटीत एका जागेकडे मात्र कुणी बघितलं नाही. टर्बोमधून तेल खाली इंजिनात परत आणणारा एक पाइप असतो. मागच्या वर्षी टर्बो साफ केला तेव्हा त्या पाइपाच्या तोंडाचं सील दौलतरावांनी स्वतः कारखान्यातून आणून दिलं होतं. बुद्धभूषणचा हात तिकडे वळला की ते म्हणत, “ते सोड. ते आपलंच आहे.” तोही सोडून देई.

विजयश्री हे सगळं शांतपणे बघत होती. एका रविवारी सकाळी तिने फर्मान सोडलं की इंजिन आधी धुऊन कोरडं करून आणा, कारण इतक्या चिखलात तेल कुठून येतंय हे देवालाही कळायचं नाही. गाडी धुऊन आली. तिने घरातला पावडरचा डबा आणला आणि इंजिनाच्या कडेकपारीत सगळीकडे पांढरी पावडर फुसफुसून मारली. दौलतराव अवघडून उभे होते. आजूबाजूची मंडळी दात घासत जमली. सुमनताई खुर्चीच घेऊन आल्या. इंजिनाला मोगऱ्याचा वास येऊ लागला.

तेवढ्यावर दौलतराव गाडी काढून भोसरीपर्यंत चक्कर मारून आले. विजयश्रीने बॉनेट उघडून टॉर्च मारला. सगळं इंजिन पांढरं होतं. फक्त टर्बोखालून, त्या पाइपाच्या तोंडापासून, एक ओली काळी रेघ निघाली होती. ती इंजिनाच्या पाठीवरून वळणं घेत गिअरबॉक्सपर्यंत गेली होती आणि तिथून खाली टपकत होती. मागचं सील, झाकणाचं पॅकिंग, ऑइल पॅनचं पॅकिंग, सगळी बिचारी उगाच बदलली गेली होती.

दौलतराव आधी म्हणाले की पावडर शास्त्रशुद्ध नाही. मग बुद्धभूषणला बोलावून पाइप खोलला. सील बाहेर आलं तेव्हा ते रबर राहिलंच नव्हतं. टर्बोच्या उष्णतेने ते खारी बिस्किटासारखं झालं होतं; बोटाने दाबलं तर तुकडा पडला. त्याच्या आतल्या कडेवर कारखान्याचा शिक्का होता. दौलतरावांनी तो ओळखला, आणि तो लॉटही. रबर जरा हलकं आलं होतं, महिनाअखेर होती, वरून माल सोडायची घाई होती. ‘चालून जाईल’ असं तेव्हा तेच म्हणाले होते. तुकडे खिशात टाकून वर निघून गेले.

बुद्धभूषणने दुसऱ्याच कंपनीचं सील आणून बसवलं आणि फरशी कोरडी राहिली. पण विजयश्रीच्या मते काम अर्धंच झालं होतं. नवऱ्याला न सांगता तिने त्या सीलच्या जुन्या पाकिटावरच्या कंपनीच्या नंबरावर फोन केला आणि गाडीची मालक म्हणून माहेरच्या आडनावाने रीतसर तक्रार नोंदवली.

आठवड्याने ती तक्रार दौलतरावांच्याच टेबलावर पोचली. त्यांच्या हाताखाली तक्रारी बघणारी योगिनी म्हणाली, “सर, टर्बोच्या सीलची आणखी एक आलीये. आकुर्डीचीच आहे, जाऊन बघायची का?”

दौलतराव दुपारच्या मीटिंगची तयारी करत होते. मान वर न करता ते म्हणाले, “नेहमीचं उत्तर पाठव.”

संध्याकाळी घरी चहा पिताना विजयश्रीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. आपल्या तक्रारीची सखोल चौकशी करण्यात आली असून, सील निर्दोष असल्याचं आणि ते अकुशल हातांनी बसवल्यामुळे दोष उद्भवल्याचं सिद्ध झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली दौलतरावांचं नाव आणि हुद्दा होता.

“सखोल चौकशी कधी केलीत?” तिने विचारलं. “मी घरीच होते.”

दौलतरावांचा चहा गार झाला. त्यांना राग आला, आधी तिचा, मग योगिनीचा, आणि मग कुणाचा यायचा ते राहिलं.

सकाळी त्यांनी त्या लॉटचा गोदामात उरलेला माल थांबवायला सांगितला. प्लँट हेडनी कारण विचारलं. रबर खराब आहे, ग्राहकांची इंजिनं गळतायत, असं दौलतराव म्हणाले, तर हेडनी नुसती मान हलवली. मग दौलतरावांनी सांगितलं की तक्रार करणारी बाई ओळखीची आहे आणि ऐकणारी नाही. त्यासरशी हेडनी फोन उचलला आणि तासाभरात माल बाजूला निघाला. दुपारी ‘ग्राहक हाच देव’ या विषयावर सगळ्यांना ट्रेनिंग झालं.

त्यानंतर दौलतरावांनी योगिनीला नेहमीचं उत्तर बंद करायला सांगितलं. उरलेल्या तक्रारींतली वरची उचलून त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडे चाकणजवळच्या वाडीतले बन्सी म्हणून एक शेतकरी होते. त्यांची जुनी टर्बो जीप तेल गाळत होती. दौलतरावांनी नाव सांगितलं, कारखाना सांगितला, आणि तेल नेमकं कुठून येतंय हे बघायला आपण आज येऊ का, असं नम्रपणे विचारलं.



“कंपनी सोताहून फोन करती व्हय?” बन्सी म्हणाले. “मला यडा समजू नका. ओटीपी मी देणार न्हाई.” आणि त्यांनी फोन ठेवला.