व्हय म्हणणारे आबा

दौंडच्या त्या हॉस्पिटलात, आयसीयूमध्ये साठीच्या वरचा प्रत्येक पेशंट 'आबा' असतो. त्या दुपारी पाचपैकी चार आबा होते. पाचवी भागुबाई, म्हणून सुटली.

प्रतिभा सिस्टरच्या हातात रक्ताची बॅग होती. बॅगेवर नाव सर्जेराव. तीन नंबरच्या खाटेच्या फायलीवरही सर्जेराव. पण खाटेवरच्या आबांचा हात सुजला म्हणून मनगटावरची नावाची पट्टी कुणीतरी कापून टाकलेली. चुकीच्या गटाचं रक्त थोडं जरी गेलं, तरी माणूस डोळ्यांदेखत जाऊ शकतो, हे तिला पाठ होतं. पाठ असलं की भीती जास्त वाटते.

"आबा, नाव काय तुमचं?"

"व्हय."

"सर्जेराव का?"

"व्हय."

तिचा जीव भांड्यात पडला. तरी तिनं उगीच विचारलं, "तुम्ही माझी मावशी का?"

"व्हय," आबा मायेनं म्हणाले.

जीव भांड्यातून परत बाहेर आला.

फोनवर डॉक्टर सत्यजीत ओरडत होते, "हिमोग्लोबिन पाचवर आलंय त्यांचं! फाइल समोर आहे, लाव की!"

नळी जोडलेली होती. चिमटा सैल करायचा, बस.

"दोन मिनिटं, सर." तिनं बाहेर बसलेल्या या आबांच्या बायकोला, न्हावऱ्याच्या गिताबाईंना, आत घेतलं. "मावशी, मालकांचं नाव सांगा."

गिताबाईंनी पदर ओढला. "अगं बया! धन्याचं नाव असं तोंडानं घेत्यात व्हय? त्यांना कमीजास्त झालं म्हंजी?"

"नाही घेतलंत तर होईल, मावशी."

गिताबाईंनी धन्याकडं पाहिलं. मग हात जोडून म्हणाल्या,

"काचंच्या खोलीत चपला काढून येते,
आनंदरावांचं नाव भीत भीत घेते."

प्रतिभानं आधी नळी काढली. चार नंबरच्या बेशुद्ध आबांची पट्टी तिनं उलटून पाहिली. सर्जेराव. सकाळी मॉनिटर बिघडला म्हणून दोघांची अदलाबदल झाली होती. फायली जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं नीलम सिस्टरला बोलावलं. दोघींनी बॅग आणि पट्टी अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचली, मगच सर्जेरावांना रक्त सुरू झालं.

मग ती आनंदरावांची नवी पट्टी लिहायला बसली. सवयीनं 'आबा'च लिहिलं गेलं, दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरी लिहिताना खात्रीसाठी तिनं विचारलं, "मावशी, पुन्हा एकदा सांगता का?"

गिताबाई रडकुंडीला आल्या. "मला दुसरा उखाणा येत न्हाई गं."